अभिजात स्पोर्ट्‌स कारच्या मूळ पूरक साहित्याचे मूल्यांकन : ‘मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल’च्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात नाणी, ताम्रपट, दस्तऐवज यांना साधन म्हणून फार पूर्वीच मान्यता मिळाली. यंत्रयुगातील वस्तूंना मात्र ती उशिरा लाभली. मोटारगाडी हे विसाव्या शतकातील तंत्र, व्यापार आणि अभिरुची यांचे महत्त्वाचे भौतिक साधन होय. तथापि तिच्याकडे आजही प्रामुख्याने हौस किंवा गुंतवणूक म्हणून पाहिले जाते. जुन्या स्पोर्ट्‌स कारसोबत कारखान्यातून आलेली खास चाके, मापाच्या बॅगा, हत्यारांचा संच, रेडिओ अशा पूरक साहित्याला संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत येते. ही किंमत नेमकी कशाची, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात एका गाडीच्या आधारे केला आहे.

३०० एसएल : पार्श्वभूमी

मर्सिडीज-बेंझच्या १९५२ च्या शर्यतीच्या गाडीने ल मॉं आणि कारेरा पानामेरिकाना या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाने तिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती तयार झाली आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात ती मांडण्यात आली. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यामुळे गाडीची बाजू उंच राहिली. म्हणून दारे वर उघडणारी करावी लागली. १९५४ ते १९५७ या काळात अशा १४०० कूपे तयार झाल्या. त्यांपैकी केवळ २९ गाड्यांचा बाह्यसाज ॲल्युमिनियमचा होता.

ॲल्युमिनियमचा साज हा मुळात खरेदीदाराने मागणीपत्रात निवडलेला एक जादा पर्याय होता. अशी एक गाडी जानेवारी २०२२ मध्ये ॲरिझोना येथील लिलावात ६८ लाख २५ हजार डॉलरना विकली गेली. मागणीच्या वेळी केलेली निवड पुढे केवढे मूल्य धारण करते, याचे हे ठळक उदाहरण होय.

पूरक साहित्याचे स्वरूप

याच गाडीसाठी दोन महत्त्वाचे पूरक पर्याय उपलब्ध होते. पहिला पर्याय रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या चाकांचा. मूळ कॉव्हेंट्री येथील या कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत चाक अनेक बोल्टांऐवजी मध्यभागी असलेल्या एकाच मोठ्या नटाने हबवर घट्ट बसते आणि हातोड्याच्या ठोक्यांनी सैल होते. शर्यतीत चाक झटपट बदलण्याची गरज हे तिचे कारण.

दुसरा पर्याय कार्ल बाइश यांच्याकडील चामडी बॅगांचा. गाडीच्या मागील भागात जादा चाक आणि इंधनाची टाकी असल्याने सामानाला जागा उरत नसे. त्यामुळे आसनांमागील जागेच्या मापाने या बॅगा शिवल्या जात. म्हणजे हे साहित्य केवळ शोभेचे नव्हते. गाडीच्या रचनेतील अडचणी आणि तिच्या मालकाची जीवनपद्धती त्यातून वाचता येतात.

अस्सलतेचे तीन स्तर

मूल्यांकनात ‘मूळ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वस्तुतः तीन स्तर वेगळे करावे लागतात. पहिला, त्याच गाडीसोबत कारखान्यातून आलेली वस्तू. दुसरा, त्याच काळी त्याच निर्मात्याने घडवलेली, परंतु दुसऱ्या गाडीची वस्तू. तिसरा, पुढील काळात तयार केलेली प्रतिकृती.

प्रतिकृती ओळखण्यासाठी धातू, शिक्के, शिवण, झीज यांचे बाह्य परीक्षण पुरेसे ठरू शकते. खरा पेच दुसऱ्या स्तराचा आहे. साध्या चाकांवर विकल्या गेलेल्या गाडीला हबची जोडणी बदलून अस्सल जुनी रज चाके बसवली, तर चाक खरे असते, गाडी खरी असते; परंतु दोहोंनी मिळून केलेले विधान खोटे असते. ज्या गाडीवरून ती चाके काढली, तिचाही पुरावा त्याच वेळी नष्ट होतो. दप्तरातून सुटा पडलेला कागद अस्सल असूनही मुका होतो, तशीच ही स्थिती होय.

कागदोपत्री पुरावा आणि त्याची मर्यादा

हा पेच सोडवण्याचे प्रमुख साधन म्हणजे कारखान्याचे माहितीपत्रक. त्यात सांगाडा व इंजिनाचे क्रमांक, रंग, आसनांचे आच्छादन आणि मागवलेले विशेष साहित्य यांची नोंद असते. तथापि हे पत्रक गाडी कारखान्यातून निघाली त्या क्षणाचे आहे. विक्रेत्याने किंवा मालकाने नंतर जोडलेली वस्तू त्यात सापडणार नाही. म्हणून नोंद नसणे हा वस्तू नसल्याचा निर्णायक पुरावा मानता येत नाही. अशा वेळी जुनी छायाचित्रे, पावत्या आणि मालकीची सलग परंपरा तपासणे अगत्याचे ठरते.

बाजार आणि जतन

बाजार परिपूर्णतेला किंमत देतो. त्यामुळे अपुरी गाडी ‘पूर्ण’ करण्याचा मोह वाढतो आणि झिजलेल्या वस्तूवर नवा क्रोमचा मुलामा चढवून तिच्या वापराच्या खुणा पुसल्या जातात. या प्रवृत्तीला उत्तर म्हणून जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (‘फिवा’) २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. इमारतींच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा विचार तिने वाहनांना लागू केला आणि प्रत्येक हस्तक्षेपाच्या लेखी नोंदीवर भर दिला. भारतातही जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठा फेरबदल न झालेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. ‘मूळ स्वरूप’ हा शब्द आता कायद्यातही आला असल्याने त्याची काटेकोर व्याख्या करणे ही अभ्यासकांचीही जबाबदारी ठरते.

निष्कर्ष

१. दुर्मीळ पूरक साहित्याचे मूल्य केवळ संख्येवर ठरत नाही. विशिष्ट गाडीशी असलेल्या त्याच्या सिद्ध संबंधावर ते मुख्यतः अवलंबून असते.

२. मूल्यांकनात निर्माता, काळ, गाडीशी संबंध आणि स्थिती या चार बाबी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. सर्वांसाठी ‘मूळ’ हे एकच विशेषण वापरू नये.

३. नंतर बसवलेली अस्सल वस्तू त्याज्य नाही. परंतु ती कोठून व केव्हा आली याची नोंद गाडीसोबत राहिली पाहिजे.

४. रिकामी जागा रिकामी ठेवणे हेही काही वेळा जतनच असते. साध्या चाकांवर विकली गेलेली गाडी साध्या चाकांवर उभी राहिली, तर बाजारात तिला कदाचित कमी किंमत येईल. परंतु इतिहासाचे साधन म्हणून तिचे मूल्य अबाधित राहील.