मंदिरपथगामिनी : एका पुतळ्याची बदलती पत

मंडळी, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा आपला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आपण लहानपणापासून बघत आलो. ती छत्री कुणाच्या हातांनी घडवली, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. आजच्या पुतळ्याचं उलट झालं. कर्त्याचं नाव आधी गाजलं, मग मागे पडलं.

१८९६ साली गणपतराव म्हात्रे हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत होते. वय विशीचं. त्यांनी प्लास्टरमध्ये देवळाकडे निघालेली एक तरुणी घडवली. नेसण नऊवारी, हातात पूजेचं साहित्य. बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिला रौप्यपदक दिलं. छायाचित्रांतून ती दूरवर पोहोचली. जॉर्ज बर्डवुड यांनी तिची वाखाणणी केली, रवींद्रनाथांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला.

मग वारं फिरलं. स्वदेशीच्या काळात बंगालकडच्या मंडळींना विलायती धाटणीचं वास्तवदर्शन परकं वाटू लागलं. पुढे आधुनिकांना ते गोडगोड आणि जुनाट वाटलं. म्हात्र्यांनी अहमदाबादसाठी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा केला होता. त्यामुळे त्यांना ‘सरकारी शिल्पकार’ म्हणून बाजूला सारणं आणखी सोपं झालं.

पुतळा तोच होता, बरं का! कधी ग्रीक शिल्पाशी नातं सांगणाऱ्या चुण्या गुण ठरल्या, तर कधी त्याच चुण्या दोष. दोन्ही वेळा मोजपट्टी बाहेरून आणलेली होती.

आम्हीही यातून सुटलो नाही. वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं या पुतळ्याला ‘नक्कल’ म्हणून मोकळे होत असू. एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझी आजी कासोटा असाच घालते.” आम्ही गप्प झालो. पुतळा न्याहाळायच्या आधीच आम्ही निकाल देऊन बसलो होतो. साधन परकं असलं तरी त्या साधनानं टिपलेलं जगणं आपलं असू शकतं, हे तत्त्वज्ञानाच्या माणसाला एका पोरीनं शिकवलं.

म्हणून त्याला थोर म्हणा असा आमचा आग्रह नाही. मतं बदलतात, बदलावीत. पण मत बदललं ते नीट पाहून, की बाकीच्यांचं बदललं म्हणून, एवढं स्वतःला विचारावं. उद्या छत्रीकडे गेलात, तर सुरुवात तिथूनच करा.