नळीची वाट

2018 च्या पावसाळ्यात शीव-पनवेल महामार्गावर माझ्या थोरल्या बंधूंना अपघात झाला, आणि नवी मुंबईतील एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आमचे दिवस जाऊ लागले. मार डोक्याला होता. श्वास व्हेंटिलेटर देत होता. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "न्यूमोनिया झाला आहे." वहिनींनी मला विचारले, "भावोजी, मार डोक्याला लागला ना? मग छातीत हे कुठून आलं?" मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या प्रश्नाचा माग काढीत मी 1952 सालच्या कोपनहेगनपर्यंत जाऊन पोहोचलो.

त्या वर्षी त्या शहरात पोलिओची भयंकर साथ आली होती. तोवर श्वास अडलेल्या रोग्याला 'लोखंडी फुप्फुसा'त ठेवीत. बोस्टन येथे 1928 साली प्रथम वापरलेली ही पेटी छातीभोवतालच्या हवेचा दाब कमीजास्त करून श्वास चालू ठेवी. परंतु ज्यांची गिळण्याची शक्तीच गेली होती, ते पेटीत असूनही स्वतःच्या लाळेने गुदमरत. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत अशा 31 रोग्यांपैकी 27 दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविण्यात आली. नळीभोवतीचा फुगा वरून येणारी लाळ अडवी, आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरता येई. मुलगी वाचली. मग सुमारे 1,500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, पिशव्या दाबून कित्येकांचे प्राण राखले. आजचा अतिदक्षता विभाग ह्याच प्रसंगातून जन्मला.

म्हणजे ही नळी मुळात लाळेपासून फुप्फुसे राखण्यासाठी आली. पुढे ती तोंडावाटे घालण्याची रीत पडली, आणि जी राखण करावयाची तीच चोरवाट झाली! नळी घशात असली की खोकला दुबळा पडतो, स्वरयंत्राचे दार मिटत नाही. फुग्यावर साचलेली लाळ कडेने थेंबथेंब खाली झिरपते, आणि नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. नळी घातल्यापासून दोन दिवसांनंतर होणाऱ्या न्यूमोनियाला म्हणूनच निराळे नाव द्यावे लागले.

आरंभी संशय यंत्रावर गेला, आणि तो खोटाही नव्हता. अमेरिकेतील डॅलस येथील वैद्यांनी 1965 साली दाखविले, की श्वासाबरोबर तुषार देणाऱ्या भांड्यांत जंतू वाढतात. भांडी निर्जंतुक होऊ लागली, तरी रोग हटला नाही. त्याच मंडळींनी 1969 साली दुसरी गोष्ट उजेडात आणली : निरोगी माणसाच्या घशात सहसा न आढळणारे जंतू गंभीर आजाऱ्याच्या घशात थोड्याच दिवसांत वस्ती करतात. तेव्हा यंत्रावरची नजर रोग्याच्या तोंडाकडे, खाटेकडे आणि शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांकडे वळली.

उपाय निघाले ते साधेच. बार्सिलोना येथे 86 रोग्यांवर केलेला प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. पाठीवर सपाट निजविलेल्यांपैकी 34 टक्क्यांना, तर डोक्याची बाजू उंच ठेवलेल्यांपैकी केवळ 8 टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला. ह्याखेरीज हात धुणे, तोंड स्वच्छ ठेवणे, फुग्यावरची लाळ ओढून काढणे आणि नळी आणखी किती दिवस हवी हे रोज विचारणे. आपल्याकडे सात शहरांतील अतिदक्षता विभागांत 2004 ते 2007 ह्या काळात पाहणी झाली; तीत व्हेंटिलेटरच्या दर हजार दिवसांमागे अशा न्यूमोनियाचे दहाहून अधिक रोगी आढळले.

2020 साली वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोरोनाचे रुग्णालय उभे राहिले, तेव्हा गावोगाव व्हेंटिलेटर किती ह्याची रोज मोजदाद होई. ती योग्यच होती. परंतु एका परिचारिकेकडे किती खाटा, हा आकडा क्वचितच कोणी विचारी. आणि वर सांगितलेले सारे उपाय तर तिच्याच हातून व्हावयाचे असतात.

दादा तीन आठवड्यांनी घरी आले. वहिनींचे उत्तर मी पुष्कळ उशिरा दिले : श्वास आत नेणाऱ्या वाटेनेच ते आले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून ती सिस्टर दर पाळीला येऊन खाटेचा दांडा फिरवायची, होय? मला वाटायचं, उगीच छळतेय."