दप्तराबाहेरच्या कष्टकरी स्त्रिया

पांझरेच्या काठचे पिंपळनेर आज साक्री तालुक्यातील बाजाराचे गाव म्हणून परिचित असले, तरी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरात ते एका अख्ख्या तालुक्याचे नाव होते. तेथील जमीन, साऱ्याची आकारणी, बंधारे आणि पाट यांची नोंद इंग्रज अंमलदारांनी मोठ्या कसोशीने ठेवली. मात्र फडात गुडघाभर चिखलात उभ्या राहून भाताची लावणी करणाऱ्या, उसाची निंदणी करणाऱ्या भिल्ल, कोकणा व मावची स्त्रियांना त्या दप्तरात जागा नव्हती. कारण सारा भरणाऱ्याचे नाव लिहावे आणि राबणारीचे लिहू नये, हा मुलकी कारभाराचा रिवाजच होता.

कागद जपण्याचे महत्त्व खानदेशाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. गावोगावच्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल जमविणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. तथापि ज्या घरात वाडा नाही, वतन नाही आणि सनदही नाही, त्या घराचा इतिहास कोणत्या रुमालात शोधावा, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर पुढे या स्त्रियांनीच दिले. १९७२ साली शहादे भागात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा मजुरीसाठी मोर्चात चालणाऱ्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडून संसाराचा प्रश्नही चळवळीत आणला. साक्री तालुक्यातील मावची शेतमजूर कुटुंबात वाढलेल्या नजुबाई गावित या शरद पाटील यांनी १९७८ साली स्थापिलेल्या सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या झाल्या, आणि १९९५ साली ‘तृष्णा’ ही आत्मकथनपर कादंबरी लिहून त्यांनी राबणाऱ्या घरातील भूक, मजुरी आणि अपमान यांची नोंद स्वतःच्या हाताने केली.

अशा ग्रंथाइतकेच मोलाचे असतात ते साधे कागद: मोर्चाचे पत्रक, सभासदत्वाची पावती, वनजमिनीच्या दाव्याचा अर्ज, रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट. त्या हजेरीपटावर बाईचे नाव असते, भरलेले दिवस असतात, मजुरीची रक्कम असते आणि शेवटच्या रकान्यात शाईने उमटलेला तिचा अंगठा असतो. तिने काम केले आणि दामाचा हक्क बजावला, याचा तो अस्सल दस्तऐवज होय.

वाळवी, गळके छप्पर आणि रद्दीवाला या तिघांपासून हे कागद वाचविणे आता पिंपळनेर परिसरातील शिक्षकांचे, ग्रंथालयांचे आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या घरच्यांचे कर्तव्य आहे. ज्यांच्या घरी असे एखादे बासन असेल, त्यांनी ते सोडावे, प्रत्येक कागदावर साल आणि गाव लिहावे, आणि ज्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी कागदावर आल्याच नाहीत, त्या त्यांच्याच बोलीत, त्यांच्या हयातीतच उतरवून घ्याव्यात.