बाखचे कंटाटा : मैफलीसाठी नव्हे, रविवारच्या उपासनेसाठी

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे धार्मिक कंटाटा आज जगभरातील सभागृहांत सादर होतात. पण ते लिहिले गेले चर्चमधील उपासनेसाठी.

कंटाटा म्हणजे काय?
गायक आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली, अनेक भागांची संगीतरचना. बाख यांचे कंटाटा साधारण २० ते ३० मिनिटांचे असतात. त्यांत समूहगान, एकल गीते आणि बोलल्यासारखे गायचे भाग येतात. शेवटी बहुधा लोकांच्या ओळखीचे चर्चगीत असते. त्यांचे सुमारे २०० धार्मिक कंटाटा आज उपलब्ध आहेत.

उपासनेत तो कधी गायला जाई?
१७२३ मध्ये बाख लाइपझिगमधील सेंट थॉमस चर्चचे संगीतप्रमुख झाले. तिथली रविवारची उपासना सकाळी ७ वाजता सुरू होऊन सुमारे तीन तास चाले. शुभवर्तमानातील त्या दिवसाचा पाठ वाचल्यानंतर आणि उपदेशाआधी कंटाटा होई. कंटाटा दोन भागांत असला, तर दुसरा भाग उपदेशानंतर. पाठ, गायन आणि उपदेश यांचा विषय बहुधा एकच असे.

या क्रमाने काय फरक पडतो?
कंटाटा क्रमांक १४० पाहा. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यावर तो बेतला आहे. हा पाठ ट्रिनिटीनंतरच्या २७ व्या रविवारचा. ईस्टर फार लवकर आला, तरच हा रविवार येतो. बाख यांच्या लाइपझिगमधील २७ वर्षांत तो फक्त १७३१ आणि १७४२ मध्ये आला. मैफलीत हा कंटाटा कधीही ऐकता येतो. पण दाखला नुकताच ऐकलेल्या माणसाला त्यातली ‘जागे व्हा’ ही हाक वेगळी भासते.

आज हे कुठे होते?
अमेरिकेतील बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १९७० पासून रविवारच्या उपासनेत बाख यांचे कंटाटा गायले जातात. सेंट थॉमस चर्चमध्ये ते शनिवारच्या संगीत-प्रार्थनेत ऐकायला मिळतात.

अडचणी कोणत्या?
वादक आणि तयारीचे गायक मिळवणे खर्चिक असते. ही अडचण जुनीच आहे. प्रत्येक गायकवृंदात किमान १२, शक्यतो १६ गायक हवेत, असे बाख यांनी १७३० मध्ये नगर परिषदेला लेखी कळवले होते. शिवाय, आज अनेक चर्च पाठांचे तीन वर्षांचे चक्र पाळतात. त्यामुळे कंटाटा आणि त्या दिवसाचा पाठ यांचा मेळ जुळेलच असे नाही. तो जुळवणे, हेच संगीत निवडणाऱ्याचे खरे काम ठरते.