शस्त्रपरवाना आणि मतदार ओळखपत्र : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना

मतदाराने मतदान केंद्रावर छायाचित्रासह ओळखपत्र दाखवावे की नाही, आणि नागरिकाने बंदूक बाळगण्यापूर्वी सरकारची अनुमती घ्यावी की नाही, हे दोन प्रश्न अमेरिकेत नेहमी एकमेकांच्या शेजारी ठेवले जातात. बंदुकीसाठी ओळख तपासणे योग्य असेल तर मतासाठी ती तपासणे अन्याय कसा, असे एक पक्ष विचारतो. दुसरा पक्ष हाच प्रश्न उलटा करून विचारतो. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने इंडियाना राज्याचा ओळखपत्राचा कायदा वैध ठरविला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत वॉशिंग्टन शहराची पिस्तूलबंदी रद्द केली. टेक्सास राज्याच्या २०११ च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्याचा परवाना मतदानासाठी ओळख म्हणून मान्य केला, विद्यार्थ्याचे ओळखपत्र मात्र अमान्य केले.

भारतात ही तुलना सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः ती करण्यास येथे अधिक भरीव ऐतिहासिक आधार आहे. शस्त्र आणि मत या दोन्ही गोष्टी वासाहतिक राज्याने प्रजेपासून दूर ठेवल्या होत्या, राष्ट्रीय चळवळीने त्या एकाच दमात मागितल्या, आणि स्वतंत्र भारताने त्यांपैकी एक दिली, दुसरी नाकारली. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा मागोवा प्रामुख्याने खानदेशाच्या अनुषंगाने घेतला आहे.

निःशस्त्रीकरण आणि खानदेश

पारोळ्याचा भुईकोट किल्ला जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला. पन्नास घरांच्या वस्तीला तटबंदीचे गाव बनविणारे हे घराणे १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या दृष्टीने बेइमान ठरले. त्यांची जहागीर जप्त झाली, गाव सरकारजमा झाले आणि १८५९ मध्ये किल्ल्याची मोडतोड करण्यात आली. आज बाजारपेठेलगत दिसणारे पडके बुरूज हे खानदेशातील निःशस्त्रीकरणाचे सर्वांत मोठे दृश्य अवशेष म्हणावे लागतील. सातपुड्यात याच काळात खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी शस्त्र उचलले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. विशेष म्हणजे खाज्या नाईक हे पूर्वी सेंधवा घाटात सरकारच्याच चाकरीत होते. १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीमागील कल्पनाही हीच होती की, ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याला चाकरीत घ्यावे, म्हणजे शस्त्रही आपल्या नजरेखाली राहते.

उठावानंतर १८६० चा आणि पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र अधिनियम आला. १८७८ च्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाला यांबरोबर धनुष्यबाणाचाही समावेश होता. म्हणजे भिल्लांच्या झोपडीत कुडाला टांगलेली रोजच्या वापरातील वस्तूही कायद्याच्या कक्षेत आली. युरोपीयांना मात्र नियमांद्वारे सूट होती. कायद्याचा खरा डंख या भेदात होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेसने शस्त्र कायद्याविरुद्ध जे ठराव केले, त्यांत संरक्षणाच्या गरजेइतकाच अविश्वासाचा अपमान बोलत होता.

याच राज्याने काही समाजांच्या ओळखीची मात्र बारकाईने नोंद ठेवली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याखाली नोंदणी झालेल्या जमातींच्या लोकांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. पारधी समाजाला या नोंदणीचा जाच सोसावा लागला. या समाजाच्या वाट्याला सरकारी ओळखीचा कागद प्रथम आला तो पाळतीचे साधन म्हणून, हक्काचा पुरावा म्हणून नव्हे. ओळखपत्राच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा सुटून जातो.

एकाच ठरावातील दोन मागण्या

मताधिकाराची स्थिती वेगळी नव्हती. १९१९ च्या सुधारणांनंतरही मत होते ते शेतसारा, आयकर किंवा घरभाडे यांच्या ठरावीक पात्रतेत बसणाऱ्यांनाच. साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी पात्रतेच्या अटी शिथिल करण्याची मागणी केली. सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला.

१९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात प्रौढ मताधिकार व नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क या दोन्ही मागण्या एकत्र आढळतात. अभ्यासकांनी कराची ठरावातील आर्थिक कलमांची पुष्कळ चर्चा केली, शस्त्राच्या कलमाकडे मात्र जवळजवळ दुर्लक्षच केले. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संविधान सभेची मागणी तेथे ठामपणे मांडली गेली. अधिवेशनासाठी गावोगावहून आलेल्या शेतकऱ्यांपैकी बहुसंख्यांना लगेच १९३७ मध्ये झालेल्या प्रांतिक निवडणुकीत स्वतःचे मत नव्हते.

दोन्ही मागण्यांची फारकत संविधान सभेत झाली. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली व तिला कराची ठरावाचा आधार दिला. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकीय सत्तेखाली केलेली मागणी स्वराज्यात जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि प्रसंग आलाच तर शस्त्र धारण करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरेल, हक्क नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मताधिकाराला मात्र अनुच्छेद ३२६ मध्ये संविधानाचे स्थान मिळाले.

पुराव्याचा भार कोणावर?

फारकतीचे खरे स्वरूप पुढील कायद्यांतून दिसते. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ मध्ये अमलात आला. त्याने परवान्याची सक्ती मुख्यतः अग्निशस्त्रांपुरती ठेवली; इतर शस्त्रांसाठी ती अधिसूचित क्षेत्रातच लागू होते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मताधिकारातून मालमत्तेची अट जशी गेली, तशी ती बंदुकीच्या परवान्यातूनही गेली, हे साम्य लक्षणीय आहे. मात्र पीकसंरक्षणासाठी बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला आपली गरज स्वतःच सिद्ध करावी लागते आणि पोलिसांचा अहवाल अनुकूल यावा लागतो.

मतदाराच्या बाबतीत हा भार प्रथम राज्यानेच उचलला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी घरोघर जाऊन सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची नावे लिहिली गेली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे, प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत, शेवटी यादीतून वगळावी लागली. केंद्रावर मतदाराच्या ओळखीला उमेदवाराचा प्रतिनिधी हरकत घेऊ शकतो. पण त्यासाठी दोन रुपये अनामत हरकतदाराने भरायची आणि संशयाचा आधारही त्यानेच दाखवायचा. दुसऱ्याने आपल्या नावावर मत टाकून ठेवले असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मताची सोय आहे. मताच्या बाबतीत कायद्याचे गृहीतक विश्वासाचे, बंदुकीच्या बाबतीत सावधगिरीचे.

वयाच्या अटीतही हे उलटे प्रवास दिसतात. १९८३ च्या दुरुस्तीने अग्निशस्त्रासाठीचे किमान वय १६ वरून २१ झाले, तर एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले.

छायाचित्राचा पहिला प्रयोग १९६० मध्ये कलकत्ता नैऋत्य मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत झाला. अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढून घेण्यास नकार दिला आणि तो बारगळला. २८ ऑगस्ट १९९३ रोजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी देशभर छायाचित्र ओळखपत्राचा आदेश दिला. तोतयेगिरीला आळा घालण्याचा हेतू रास्त होता. परंतु कार्डाशिवाय निवडणुकाच घेणार नाही, हा त्यांचा पवित्रा भार मतदाराकडे सरकविणारा होता. कार्ड बनविण्याचे काम राज्याचे आणि ते न झाल्यास शिक्षा मतदाराला, हे समर्थनीय मानता येत नाही. ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या खानदेशातील मजुराला छायाचित्राच्या ठरावीक दिवशी गावात थांबणे शक्य नसते. पर्यायी कागदपत्रांची यादी त्यामुळेच अपरिहार्य ठरली. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२५ मध्ये बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात सुमारे ६५ लाख नावे प्रारूप यादीबाहेर राहिली, आणि प्रारंभी मान्य केलेल्या अकरा कागदपत्रांत आधारची भर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पडली.

परवाना आणि मत यांची प्रत्यक्ष गाठ निवडणुकीच्या काळातच पडते. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागत. सरसकट जमा करण्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २००९ पासून प्रत्येक परवान्याची छाननी जिल्हास्तरीय समिती करू लागली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ओळखीसाठी मान्य असलेल्या पर्यायी कागदपत्रांच्या यादीत रोजगार हमीचे जॉबकार्ड होते आणि छायाचित्रासह शस्त्रपरवानाही होता. २०१४ च्या यादीत जॉबकार्ड कायम राहिले. शस्त्रपरवाना त्यात नव्हता.