तुरा नाही, कल्ले नाहीत

बदकातला नर ओळखायचा तर आधी डोळे मिटा, असं मी सांगायचो तेव्हा नांदेड-लातूरच्या सीमेवरच्या मुखेड-जळकोटकडची माणसं हसायची. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात मात्र आमच्यातल्या प्रत्येकाला ‘डॉक्टर’च म्हणतात. बचतगटातल्या एक मावशी बदक काखेत धरून आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरसाब, ह्याला तुराबी नाही अन् कल्लेबी नाहीत. आता ह्यो नर का मादी, कसं कळावं?”

याच मावशी कोंबड्यांत मोठ्या पटाईत. दीड-दोन महिन्यांची पिल्लं डालग्याखालून काढत जायच्या आणि तुऱ्याच्या लालीवर नजर टाकून सांगायच्या, हा कोंबडा, ही तलंग. ही नजर हौसेपोटी आलेली नाही. म्हसोबाला, मरीआईला नवसाचा कोंबडाच लागतो आणि तलंग अंड्यांसाठी राखायची असते. बाजारात निवड चुकली तर नवसही अडतो आणि घरातली अंडीही जातात. माझी आजी तर त्याही आधी निवड करायची. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवताना टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, गोल अंड्यातून कोंबडी, असा तिचा ठाम हिशेब होता. पुढे वाचनात आलं की रोमच्या प्लिनीचंही हेच मत, आणि त्याच्या आधीच्या अ‍ॅरिस्टॉटलचं बरोबर उलटं. तिघांनाही अंड्यानं दाद दिली नसणार, कारण पक्ष्यांत नर की मादी हे मादीच्या पोटात, कवच चढण्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं. आकाराचा त्याच्याशी संबंध नाही.

कोंबड्याकडे निरखून बघण्याची परंपरा आपल्या मुलखात जुनीच आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त कोंबड्याच्या लक्षणांना वेगळं प्रकरण दिलं. लातूरच्या सीमेपलीकडं, आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकीत कोंबड्यांच्या झुंजीला मानाची जागा आहे. आमच्या आठवडी बाजारातली पारख ही त्याच घराण्यातली, फक्त राजवाड्याबाहेर राहिलेली.

बदकाला मात्र इथं ना देव मिळाला ना बाजार. त्याचं कारण मला पाण्यापेक्षा पिकात दिसतं. पाणी अगदीच नव्हतं असं कसं म्हणावं? कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे. पण तळ्याच्या काठाला ज्वारी, तूर आणि करडी. आंध्र-तमिळनाडूत बदकांचे कळप कापणी झालेल्या भाताच्या खाचरांतून फिरवतात. सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे यांवर ते फुकटात पोसले जातात. आपल्याकडं ते खाचरच नाही. मांजरा नदी लातूरवरून वाहत जाते; निजामानं १९२३ ते १९३१ या काळात तिच्यावर निजामसागर बांधला तो खाली तेलंगणात, आणि भात पिकला बोधन-निजामाबादकडं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बदकं पाळायला सांगणारे आम्ही, लोक हसले त्यात नवल ते काय!

तरी पाझर तलाव झाले, शेततळी आली आणि खात्याच्या कागदांतून खाकी कॅम्पबेल आलं. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार केलेली ही जात. चांगली मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. सहा-सात माद्यांमागं एक नर पुरे. नर जास्त झाले की माद्यांच्या मानेवरची पिसं उपटली जातात, कळप खंगतो. म्हणजे नर-मादी कळणं इथंही खर्चाचंच काम, पण ते शिकवणारी आजी कुणाकडं नव्हती.

मावशींना मी बदक काखेतून खाली घ्यायला लावलं. पाय धरून उलटं टांगायचं नाही. कोंबडीला चालतं, बदकाचे पाय नाजूक. पंखांवरून दोन्ही तळवे टाकून धरलं की ते कुरकुरतं. मादी खणखणीत, तोंडभर ओरडते. नराचा आवाज घसा बसलेल्या कीर्तनकारासारखा, घोगरा आणि दबका. नराच्या श्वासनलिकेच्या तळाशी डाव्या अंगाला हाडाचा एक पोकळ फुगा असतो, मादीला तो नसतो. आवाजातला फरक तिथला. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की आवाज फुटतात.

दुसरी खूण शेपटावरची. वयात आलेल्या नराच्या शेपटाच्या मधली दोन-चार पिसं वर वळून वेटोळं घेतात. डार्विननं १८६८ च्या ग्रंथात नेमकी हीच पिसं पुराव्याला धरली: रानबदकांत हे वेटोळं एकाच जातीच्या नराला असतं आणि पाळीव बदकांच्या जवळजवळ सगळ्या जातींत ते उतरलेलं दिसतं, तेव्हा मूळ एकच. पांढऱ्या पेकिनमध्ये रंग काही सांगत नाही, तिथं ही पिसं उपयोगी पडतात. पण पिसं झडायच्या दिवसांत नराची हिरवट मानही फिकी पडते आणि वेटोळंही गळतं. मग पुन्हा कानावरच यावं लागतं.

लाल तोंडाचं मस्कोव्ही बदक या हिशेबात बसत नाही, कारण ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, वेगळ्याच जातीचं. त्याला वेटोळं नाही आणि नर नुसता फुसफुसतो. तिथं चेहऱ्यावरचं लाल, खडबडीत मांस बघावं. नराचं जास्त पसरलेलं, शिवाय तो वजनात मादीच्या जवळपास दुप्पट. मावशींनी असं एक बदक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लगेच म्हणाल्या, “हां, ह्याला काहीतरी तुऱ्यावाणी हाय बगा,” आणि मला न विचारता नर बाजूला काढून दिला.