रेड नदींतील लांकडांचा तट

काठ खचला कीं झाड नदींत कोसळतें. मुळाकडील जड बाजू गाळांत रुतते व शेंडा पाण्याआड दबा धरून बसतो. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीवर कित्येक आगबोटींचीं पोटें अशा झाडांनीं फाडलीं. 1829 सालीं कॅप्टन हेन्री श्रीव्ह यानें त्यावर ‘हेलिओपोलिस’ ही आगबोट योजिली. दोन बोटींचीं धडें शेजारीं जोडून पुढें लोखंडानें मढविलेली तुळई बसविली होती. पूर्ण वेगानें धडक दिली कीं झाड उन्मळे. मग तें रहाटानें वर ओढून करवतीनें कापीत.

परंतु लुईझियानांत रेड नदीला अडलेल्या ओंडक्यांनीं सुमारें दीडशें मैल कोंडलें होतें; त्यांवर माती सांचून नवीं झाडेंहि वाढलीं होतीं. 1833 सालीं श्रीव्हनें या तटाला हात घातला तो चार बोटी व 159 माणसें घेऊन. एवढ्या बळावर सारीं लांकडें वाहून नेणें अशक्य. म्हणून कांहीं सोडवून प्रवाहाच्या स्वाधीन केलीं, कांहीं आडफांट्यांच्या मुखांत कोंबून पाण्याचा जोर मुख्य पात्रांत वळविला. 1838 सालीं मार्ग खुला झाला.

काठ खचावयाचे मात्र थांबले नव्हते. लवकरच तट पुन्हां सांचूं लागला. लेफ्टनंट यूजीन वुड्रफनें तो नायट्रोग्लिसरिननें फोडावयास घेतला. पण 1873 सालीं, श्रीव्हच्याच नांवाच्या श्रीव्हपोर्ट शहरीं, पीतज्वराच्या रुग्णांची शुश्रूषा करतां करतां तो मृत्यु पावला. त्याच वर्षीं त्याच्या भावानें काम पुरें केलें. त्यानंतरहि ओंडके काढणाऱ्या बोटी त्या पात्रांत वर्षानुवर्षें फिरत राहिल्या.